निळ्या झाकणाची डबी

सातच्या आत पोचावं लागतं.
लेकरू उठलं की आई आधी पाण्याकडे धावते
आणि नमुना गेला.
म्हणून वालूरच्या खालच्या गल्लीत
मी पायरीवर बसून राहते,
निळ्या झाकणाची डबी मुठीत धरून.
"माय, ह्याला बी भाव आला का आता?"
कौतिकाबाई पदर तोंडाला लावून हसते.
आला, मावशी.
परभणीत याची शिरगणती होते.
चमचाभरात आपल्या जिल्ह्याहून जास्त वस्ती निघते.

मग प्रश्नावली.
प्रश्न एकोणीस. गरोदरपणात दही, ताक:
रोज, कधी कधी, नाही.
शबनम म्हणते, म्हैस आटली नव्हती तोवर रोज.
याला चौकोन नाही.
प्रश्न वीस. शेंगदाणे.
"सहाव्या महिन्यात सासूनं डबा वरच्या फळीवर ठिवला,
लेकराला खाज सुटती म्हणून.
मी स्टुलावर चढून खायची. हे लिहू नका."
मी लिहीत नाही. 'कधी कधी'वर खूण करते.
प्रश्न एकवीस. आंबवलेले पदार्थ.
ती गप्प. मग एकदम:
"आंबील म्हना की!
रातीला ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं,
चुलीच्या कडंला ठिवायचं,
सकाळी लसूण, मीठ. फसफसायला पायजे मात्र."
फसफसायला पाहिजे.
कागदाच्या कडेला मी हे पेन्सिलीनं लिहून घेतलं,
कशासाठी, ठाऊक नाही.

सेलूच्या स्टँडवर कंडक्टर थर्मोकोलच्या खोक्याकडे बघतो.
"मासळी हाय का ताई?"
नाही. बाळंतिणींचा ऐवज आहे.
तो अर्धं तिकीट फाडता फाडता थांबतो.

माझा निहार या यादीत नाही.
आठव्या महिन्यात चिमूटभर अंडं चाखलं
आणि ओठ सुजून डोळ्यांना भिडायला निघाले.
स्कूटरवर, रात्री, मी मागे बसून त्याचा श्वास मोजत होते.
त्यानंतर सगळ्यांना सगळं माहीत होतं.
नणंदेला ग्रहण माहीत होतं.
वरच्या मजल्यावरच्यांना वांगं.
आईला न पुरवलेले डोहाळे.
मला माझे आकडे: चहा-टोस्टवर काढलेले चार महिने,
अँटिबायोटिकचे दोन कोर्स,
पोटावरचे टाके, पहिले अकरा दिवस डब्याचं दूध.
मी ते कागद घेऊन मुक्कावार मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिले.
माझ्यामुळे का?
त्यांनी चष्मा काढला.
"माहीत नाही गं. कुणालाच नीट माहीत नाही अजून.
म्हणून तर डब्या जमवतोय."
त्या वर्षी मला कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.
मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले,
आणि बर्फाच्या पिशव्या भरल्या.

लहानपणी दही बिघडलं की
आई मला वाटी देऊन शेजारी पाठवायची.
विरजण मागायला लाज नसते, म्हणायची,
आपल्याकडचं तरी कुठून आलेलं असतं?
रात्री निहारच्या कोपरांच्या वळणांत मलम चोळताना
ती वाटी आठवते.
मी त्याला देताना ती रिकामी होती का.
की देणारीला आतलं दिसतच नाही.

काल शेवटची फेरी.
शबनमनं स्टीलची वाटी पुढं केली, वर फडकं बांधलेलं.
"तुमच्या बाबाला. म्हैस व्याली."
प्रकल्पाच्या नियमात हे बसत नाही.
यानं काही बरं होणार नाही, हेही मला कळतं.
खोक्यात नमुन्यांशेजारी ठेवता येईना,
म्हणून पूर्ण रस्ता वाटी मांडीवर.
"आज काय नेता?" कंडक्टर.
विरजण.
तो काही बोलला नाही.
पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणाला,
"रावसाहेब, पुलापाशी खड्डा हाय. जरा दमानं."