दोन बोटं

आकडा मी हळू आवाजात सांगितला.
"मोठ्यानं बोल पोरा," मेलेनाइते म्हणाल्या,
"एकशे ब्याण्णव. माझंच वजन आहे,
चोरीचा माल नाही."

मांगेरेच्या दुकानात मग दुपारभर
खुर्च्या पुढे-मागे.
पहिलीचे हात मांड्यांत रुतले.
दुसरी ऐसपैस, पण चाकं इतकी लांब
की तळवे पोचेनात.
"हा पलंग झाला. ढकलायला माणूस लागेल,
आणि मला माझं मी जायचंय."
तिसरी पोलादी, खाली दुहेरी पट्ट्या,
बैठक अठ्ठावीस इंच.
त्या टेकल्या. डावी-उजवीकडे डोलल्या.
डोळे मिटून खालच्या पट्टीत
टोंगन स्तोत्राची एक ओळ गायल्या
नि कान देऊन थांबल्या.
"कुरकुरत नाही.
आधीची नेमकी प्रार्थनेच्या शांततेत बोलायची."

सिओसाइआनं घडीचा कागद उलगडला:
मोरी, स्वयंपाकघर, गाडीचा उतार. सगळं बसतं.
फक्त चर्चचं बाजूचं दार
दोन बोटं कमी.
"थोडी अरुंद दाखवू?" मी विचारलं.
आई लेकाकडे पाहत राहिली.
"चौकट लाकडाची आहे," तो म्हणाला,
"रंधा माझ्याकडे आहे."

पावती झाली. रंग त्यांनी जांभळा निवडला,
नव्हता, तर काळ्यावर समाधान.
निघताना कळलं,
आमच्याच दुकानाच्या दारातून
ती बाहेर पडत नाही.

मागून नेलं त्यांना,
जिथून खोकी येतात त्या दारानं.
त्या काही बोलल्या नाहीत.
फक्त जाता जाता चौकटीवर
दोन बोटं ठेवून बघितली.