बारा आणि एक

फैजपूरच्या बसस्टँडमागे, पहाटे पाचला
मोजले तर आम्ही तेरा.
"तेरा म्हणू नका भो," फालक सर हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाले,
"बारा आणि एक म्हणा."

सूचना मी घरूनच पाठ करून आलो होतो:
एका ओळीत, डावीकडून. खड्डा दिसला की हात खाली,
थांबायचं तर पंजा वर.
पुढे मी. शेवटी यशोदा वारडे,
तिच्यामागे कुणी नाही.
हवा, ब्रेक, चेन, बघितलंय ना सगळ्यांनी?
सगळ्यांनी माना हलवल्या.
मान हलवायला काय लागतं.

खिरोद्यापर्यंत मी चांगला होतो.
केळीच्या ट्रकमधून सांडलेला ओला पाला दिसला,
माझा हात खाली गेला, मग मागच्याचा, मग त्याच्या मागच्याचा,
पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जावं
तसा इशारा गेला.

मग पालचा घाट लागला
आणि माझ्या पायांना आठवलं
ते किती चांगले आहेत.
दोन तरुण पोरं चाकाला चाक लावून होती.
मी बावन्न वर्षांचा.
मागे वळून पाहिलं नाही.

वर टपरीवर मोजलं. अकरा.
स्वतःला धरून परत मोजलं. अकरा.
फोनला रेंज नाही.
चहा आला होता, तो तसाच ठेवून उतरलो.

मधल्या उतारावर, मोरीच्या कठड्याशी
नूरखाँ तडवी. कोपर सोललेलं.
यशोदा बाटलीच्या पाण्याने त्यातली खडी काढत होती.
"ब्रेक दोन दिवस सैलच होता काका.
सांगितलं असतं तर तुम्ही नेलं नसतं."
मी म्हणणार होतो, विचारलं होतं की मी,
सगळ्यांसमोर विचारलं होतं.
यशोदाने एकदाच वर पाहिलं.
सगळ्यांसमोर. हो.

वायर आवळायला पाच मिनिटं लागली.
फैजपूरलाही पाचच लागली असती.

परतीला यशोदा पुढे, मी शेवटी.
मागून कळतं, फालक सरांचा डावा गुडघा बाहेर पडतो,
कुणाला दम लागलाय, कोण तो लपवतंय.
खिरोद्याच्या अलीकडे नूरखाँने
बांधलेल्या कोपराचा हात खाली केला, जरा उशिरा,
पण केला.
माझ्यामागे कुणी नव्हतं.
तरी मीही हात खाली केला.