तिसरी क्रेन

ग्दिनियाच्या धक्क्यावर वारा कान कापतो.
आई थांबली, बोट वर केलं:
"ती तिसरी. गंजलेली. माझी."

माझी आई म्हणजे बिटाचं सूप,
उलटा घातलेला स्वेटर लांबून ओळखणारी,
फोनवर आधी "जेवलीस का?"

"अकरा वर्षं," ती म्हणाली,
"शिडीच्या एकशे चाळीस पायऱ्या.
खालून पुरुष ओरडायचे, याद्विगा, हळू!
मी हळूच करायचे. बारा टन लोखंड,
अंडं ठेवावं तसं."

आणि दाखवलं: दोन बोटं,
हवेत न दिसणारा दांडा किंचित पुढे.
हीच बोटं माझ्या कपाळावर
किती वेळा टेकली असतील, ताप बघायला.

"वरून आपलं घर दिसायचं?"
"दिसायचं की. स्वयंपाकघराची खिडकी.
तू आजीपाशी रडत असायचीस बहुतेक."
थोडं थांबून,
"आणि मी तिथे नाही, याचा
फार आनंद व्हायचा मला."

मी रागवायला हवं होतं का?
तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला.
याद्विगा, मी मनात म्हणून पाहिलं.
जीभ अडखळली.
मग विचारलं, "वर थंडी वाजायची का गं?"

"थंडी?" ती हसली.
"वर मी सिगारेट ओढायचे."