काठवट

दाजी सुरतहून येताना एक परात घेऊन आले,
हिरव्या प्लास्टिकची, आतून खाचा पाडलेली.
म्हणाले, परदेशात लोक सुट्टीत नदीवर जातात,
वाळू धुतात, सोनं हुडकतात,
निव्वळ हौस म्हणून.
आपल्या गंगेला काय धाड भरलीय?

मग काय, मेच्या मध्यावर, पहाटे साडेपाचला
इलियासच्या टमटममध्ये आम्ही अकरा माणसं,
दोन टरबुजं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
आणि मागच्या सीटवर आई,
"मी नुसती बसते" म्हणत आलेली.

गंगाखेडला गंगा त्या दिवसांत
घोटाभर धार, बाकी सगळी वाळू,
वाळूत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या,
उपसून नेलेल्या जागी खड्डे, खड्ड्यांत शेवाळलेलं पाणी.
दाजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
शर्वाणीनं मोबाईलवरून वाचून दाखवलं :
सोनं जड असतं, तळाला बसतं,
घाई करू नये.

घाई सगळ्यांनीच केली.
आठपर्यंत सापडली ती बाटलीची बुचं,
काचेच्या बांगडीचे तुकडे, गुळगुळीत झालेलं एक नाणं,
आणि अभ्रकाचा चुरा, ज्याच्यावर मुलं
तीनदा ओरडली, "सोनं!"
आणि तीनदा इलियास म्हणाला,
"एवढं चमकायलंय म्हणजे नसंल ते."

खालच्या अंगाला, जिथं राख सोडतात तिथं,
कोंडाबाई कधीची धूत होती.
तिची काठवट लाकडाची, काळी पडलेली,
चिरली होती तिथं तारेनं शिवलेली.
शर्वाणी जवळ जाऊन उकिडवी बसली.
"दाखवा ना."
"बघ की. डोळं हायत की तुला."

मनगट फिरायचं, पाणी फिरायचं,
वाळू कडेवरून उतरायची
जात्यातून पीठ उतरावं तशी, न बोलता.
शेवटी तळाला काळ्या रेतीची एक कोर राहिली
आणि कोरेच्या टोकाला एक कण,
मोहरीच्या निम्मा.
चमकत नव्हता. नुसता पिवळा होता.

दाजी धावले. "हे येतं कुठून? वरच्या डोंगरातून?"
कोंडाबाई हसली, समोरचे दात नव्हते.
"डोंगर कशाचा, साहेब.
माणसाच्या तोंडातून येतंय.
जाताना लेकरं मणी ठिवत्यात जिभेवर.
जळत न्हाई ते. वितळतंय, राखंसंगं हितं येतंय."

टरबूज कापायला घेतलेली सुरी
इलियासच्या हातात तशीच राहिली.
आईकडं आम्ही कुणी पाहिलं नाही.
बारा वर्षांपूर्वी, पौषात, तात्यांना उचलायच्या आधी
तिनं पोतीचा दोरा दातानं तोडला होता.
तिसऱ्या दिवशी मीच आणली होती राख
याच पायऱ्यांवर, स्टीलच्या डब्यात.

आई उठली. पदर खोचून पाण्यात आली,
कोंडाबाईसमोर वाकली,
त्या कणाकडं बघितलं, मग काठवटीकडं.
"दिवसाला किती मिळत्यात?"
"कवा दोन. कवा आठ-आठ दिस न्हाई."
"भाव बरोबर लावतो का सराफ?"
"लुटतो, बाई."
"कोणता? पिंपळाजवळचा?"
"त्योच."
"तो आधीपासून तसाच," आई म्हणाली.
"माझी पोत त्याच्याकडचीच."

मग दोघींनी टरबूज खाल्लं, बिया थुंकत,
सराफाच्या बापाला नावं ठेवत.
दाजी परत धुवायला उतरले नाहीत.
मुलांनी अभ्रक काड्यापेटीत भरून घेतलं.
कोंडाबाईनं हिरवी परात नखानं वाजवून पाहिली,
"लई हलकी हाय," म्हणून परत केली.

ती आता आमच्याच घरी आहे.
आई तिच्यात तुरीची डाळ धुते.
खाचांत खडे बरोबर अडकतात.
टाकायच्या आधी एकेक खडा
ती दारातल्या उजेडाकडं नेते, बघते,
मग टाकते.