गारगोटी

आमगावच्या बाजारात माझं टेबल
लसूणवाला आणि चप्पल शिवणारा यांच्या मधे.
चिमटा, आयग्लास, झाकणं ठेवायला काचेची वाटी,
आणि डुलीचंद टेंभऱ्यांनी दुकान सोपवताना दिलेला एकच सल्ला:
सेलची घड्याळं दुरुस्त करत नसतात पोरी,
बदलत असतात.

फुलवंताबाई रहांगडाल्यांनी
रुमालाच्या चौथ्या घडीतून काढलं ते.
"रशियाचा हाये. भिलाईले साहेबानं देलन आमच्या बुढ्याले,
रिटायर व्हाच्या आंधी. अठ्ठ्याऐंशीत."

मला वाचता येतं थोडं.
शाळेत असताना तिकडून एक गुळगुळीत मासिक यायचं,
त्याची पानं आम्ही वह्यांना घालायचो,
गणितावर ट्रॅक्टर, भूगोलावर बर्फ,
आणि कोपऱ्यात कुठेतरी ही अक्षरं.
इंग्रजी शिकलेल्या डोळ्याला फसवतात ती.
पी दिसतो तो र. सी दिसतो तो स.
बी म्हणजे व, याची सवय व्हायला मला एक उन्हाळा लागला.

बाराच्या खाली: स्लावा. म्हणजे कीर्ती.
त्याखाली बारीक: क्वार्त्स,
शेवटचं अक्षर शेपटीचं,
नेमका आपल्या चाकातला च,
चहातला नव्हे.

हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा कोशात पाहिला होता.
कोश म्हणाला, गारगोटी.
मला हसूच आलं.
गारगोट्या तर नाल्यात, बांधावर,
म्हशीच्या खुरांखाली.
रात्री दोन घेऊन घासायच्या,
दगडाच्या आतच उजेड व्हायचा
आणि नाकाशी जळका वास.
हिच्या पोटात तीच, नळीत बंद, तांदळाच्या दाण्याएवढी.
सेलनं डिवचली की थरथरते
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा.
पंधरा वेळा निम्मं निम्मं करत या,
एक उरतो.
काट्याला तेवढाच कळतो.

झाकण उघडलं. सेल गळून हिरवी पूड.
लिंबात काडी बुडवून पुसलं, नवा बसवला.
काटा दचकला आणि निघाला.

मग सहाच्या खाली, तबकडीच्या अगदी कडेला,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत
मी तीन स आणि एक र शोधत होते.
नव्हते.
होतं ते: रशियात बनवलेलं.
म्हणजे तो मोठा देश मोडल्यावरचं,
एक्क्याण्णवच्या अलीकडे नाहीच.

आयग्लास डोळ्यावरच राहू दिला.
तबकडी बदलली असेल, म्हटलं.
बदलतात लोक. तीन घड्याळांचं एक करून विकतात.
पण स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या,
माझ्याआधी कुणाचं हत्यार आत गेलं नव्हतं.

"बोलत काऊन न्हाई?"
सांगितलं.

त्या हसल्या, उरलेल्या दोन दातांनी.
"मले का सांगतेस? मी संगंच होती.
दुर्गच्या फुटपाथावर. शंभर सांगे तो.
मी ऐंशीत आनला."
मग पदरानं काच पुसत,
"साहेब होता पन. खराच होता.
सगळ्यायसमोर यायचा हात हातात घेतलान त्यानं,
काळा, ग्रीसचा हात.
घरी येऊन चार दिवस धुतला न्हाई बुढ्यानं.
पन हात का दाखवाचा लोकायले?
काहीतरी पाह्यजे न."

चाळीस रुपये मोजले.
वहीत मी लिहिलं: स्लावा, क्वार्ट्झ, रशिया, सेल बदलला.
साल लिहायला घेतलं, तर त्यांनी पेनावर बोट ठेवलं.
"नातू येईन कधी पट्टा टाकाले.
त्याले साहेबानंच देलन.
ध्यान ठेवजो."

लसूणवाल्यानं मान न वळवता सांगितलं,
"ठेवतो जी."