रविवारी वाचनालय बंद असतं

रविवारी वाचनालय बंद असतं,
पण वायफाय मी चालू ठेवते.
ठेव असं कुणी सांगितलेलं नाही. का ठेवलंस असं कुणी विचारलेलंही नाही.

रस्त्यापलीकडे माझं स्वयंपाकघर. तिथून पार्किंग दिसतं.
आठच्या सुमारास गाड्या येऊन उभ्या राहतात,
काचा वर, हीटरसाठी इंजिन चालू,
आणि काचेआड एकेक चेहरा, खालून निळसर.
नवा आठवडा रविवारी उघडतो. दावा तेव्हाच भरलेला बरा.
पिस्टनच्या कड्या ओतणारा कारखाना सप्टेंबरात बंद पडला,
तेव्हापासून गाड्या मोजायची खोड लागली.
आज एकोणीस.

डेलबर्ट स्टंफ पहिल्यांदा आला
तेव्हा माउस त्यानं असा धरला होता
की दाबला तर मरेल, सोडला तर उडेल.
एकतीस वर्षं भट्टीवर.
नोकरी सुटण्याचं कारण? पडद्यानं विचारलं.
स्वतः सोडली. काढून टाकलं. काम संपलं.
"काम कुठं संपलंय," तो म्हणाला,
"काम मेक्सिकोला गेलंय. तो पर्याय दिसत नाही."
मी म्हटलं, काम संपलं, त्यावर टिचकी मार.
मारली. मग बराच वेळ
छापायच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत बसला.

मग ओळख पटवायची.
चेहरा चौकटीत धरा, हलू नका.
यंत्र म्हणालं, हा तो नव्हे.
लायसन्सवर दाढी होती,
ती मुलाखतीसाठी परवाच उतरवलेली.
"वाढवू का परत?" त्यानं खरंच विचारलं.
तीन आठवडे गेले, दाढीत नाही, फोन लागण्यात.
एक तास बावन्न मिनिटं तेच पियानोचं तुणतुणं,
मध्येच एक बाई: तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
सरकारी काम, सहा महिने थांब.
घराचा हप्ता मात्र एक तारखेला येऊन दारात उभा.

दर आठवड्याला तेच प्रश्न.
काम करण्यास समर्थ होता का? हो.
उपलब्ध होता का? हो.
एखादं काम नाकारलंत का?
नाकारायला आधी कुणी द्यावं लागतं.
काही कमाई झाली का?

इथं घोडं पेंड खाल्लं.
शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस आयल्सवर्थच्या दारातला बर्फ
त्यानं उपसला होता. तिनं चाळीस डॉलर दिले,
आणि चेरीचा एक पाय.
"लिहू नकोस," शेजारच्या खुर्चीतून रॉन्डा म्हणाली.
तिचे सव्वीसपैकी नऊ आठवडे उरलेत, तिला सगळं ठाऊक.
डेलबर्टनं चाळीस लिहिले.
मग हळूच मला: "आणि पाय? तो पण धरायचा?"

चाळीस डॉलरपायी दावा अडकला.
चौकशी सुरू आहे. एवढंच, पिवळ्या पट्टीवर, पाच रविवार.
सहाव्या रविवारी पैसे आले, मागचे सगळे एकदम,
आणि त्याच टपालात दुसरं पत्र:
तुम्हाला चौदा डॉलर जास्त गेले आहेत, परत करा.
त्यानं ते पत्र फ्रीजवर लावलंय म्हणे.
नातवंडांच्या चित्रांत.

नोव्हेंबरात वाचनालयाचा कर मतदानाला आला.
एकशे बारा मतांनी पडला.
कुणी कुणाला दिलं ते मी विचारलं नाही,
डेलबर्टनं मात्र तेव्हापासून आठवडाभर नजर चुकवली.

शुक्रवारी माझं टेबल मी आवरलं.
चावी सोमवारपर्यंत माझ्याकडे.
आज कॉफी पिऊन झाल्यावर कोट चढवला,
रस्ता ओलांडून माझी गाडी
त्याच्या ट्रकशेजारी नेऊन लावली.
घरातही नेट आहे माझ्या. तरी.

इतक्या जणांचं भरून दिलं मी, तोंडपाठ आहे सगळं.
तारखेपर्यंत आले आणि बोट पुढं जाईना.

काचेवर टकटक. डेलबर्ट, हातात थर्मास,
दाढी अर्धी वाढलेली.
दार उघडून आत बसला, बुटांचा बर्फ माझ्या चटईवर.
"कारण विचारतंय," मी म्हटलं.
त्यानं खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला.
"आण इकडे," म्हणाला, "हे येतं मला."