दाते

मशीनचे दाते झिजले तेव्हा
बारा गणवेश शिवायचे होते शाळेचे,
आणि एक शेवाळी ब्लाउजपीस, तिची मालकीण
लग्न मोडल्यापासून दुकानाकडे फिरकली नव्हती.
कापड सुईखाली जागच्या जागी
टाके खात बसलं.
सत्यवान मेस्त्री आला, बॅटरी तोंडात धरून खाली वाकला,
"दाते कोल्लापुरासून येतले. आठ दीस तरी खंय गेले नाय."
प्लेट बसवली, चहा प्यायला,
पायरी उतरताना म्हणाला,
"तवसर हातान ढकल."

ढकललं.

तीस वर्षं मला वाटायचं, कापड मी नेते.
नेत होते ते दाते.
मी नुसता हात ठेवलेला,
देवगडच्या बंदरावर कुणी
निघालेल्या लाँचीला ठेवावा तसा.

पहिल्या दिवशी तीन सुया मोडल्या.
एक उडून कॅलेंडरात घुसली, गुरुवारात.
दुसऱ्या दिवशी भरतकामाची लाकडी रिंग शोधून काढली,
खाली मांजरपाट, मधे विरलेली सुती साडी,
आणि वर पोत्यातल्या चिंध्या,
ज्या कधी कुणाला दाखवायच्या नसतात:
चौकीतल्या हवालदाराची कमी केलेली ढोपरं,
ज्युलीच्या फ्रॉकचं उरलेलं सॅटिन,
इब्राहिमच्या लुंगीचे चौकडे,
मोडक्या छत्रीचा एक काळा त्रिकोण.
टेप खिळ्याला तशीच लोंबत राहिली.
कात्री नेईल तिथे गेले.
उणं पडलं तिथे जोड दिली,
जादा झालं ते कापलं,
कापलेल्याला दुपारपर्यंत दुसरीकडे जागा सापडली.

सड्यावर उभं राहून खाली बघा,
कुणग्यांना काटकोन आहे का कुठे?
ज्याला जसा उतार मिळाला
त्याने तसा बांध घातला.
मी एवढी वर्षं काटकोन विकत होते.

चौथ्या दिवशी पाय आणि हात
एकमेकांची वाट बघायला शिकले.
पाय जोरात, हात सावकाश, तर टाका बारीक.
हात धावला तर टाका लांब, ढिला, खोटं बोलल्यासारखा.
दमयंती कोयंडे सुके बांगडे टेकवून
दारातच थांबली:
"ही शिवन हा गे, काय कुर्ल्येची वाट?"
मी रागावले.
संध्याकाळी ओहोटीला गेले आणि बसून बघितलं.
नखाएवढी कुर्ली
बिळातून निघते, वाळूच्या गोळ्या करत
थोडी जाते, वळते, परत येते, नव्या बाजूने निघते.
एकही रेघ दुसरीसारखी नाही.
एकही रेघ दुसरीवर चढत नाही.
भरती आली की सगळं पुसून जातं,
ती उद्या परत काढते.

दमयंतीला मी अजून सांगितलेलं नाही.

एका कोपऱ्यात हिरवं कमी पडत होतं.
शेवाळी पीस मी दोनदा घडी घालून ठेवला.
तिसऱ्यांदा कापला.

आठाचे अकरा दिवस झाले. दाते आले, नवे, करकरीत.
बारा गणवेश दोन दिवसांत सरळ रेषेत गेले,
मुलं जाताना दिसतात, सगळी सारखी.

अनुजा तारी आली ती त्यानंतर,
केस कापलेले, रत्नागिरीला नोकरी लागलेली.
भिंतीवर टांगलेल्या त्या कापडापाशी गेली,
कोपऱ्यातल्या हिरव्यावर बोट ठेवलं,
शिवण जिथे गिरकी घेते तिथून फिरवत
पार काळ्या त्रिकोणापर्यंत नेलं.
मी मनात पिसाची किंमत जुळवत होते.
"डोक्याकडची बाजू कुठली याची?"
मी म्हटलं, अजून ठरलेली नाही.
ती हसली. शिलाईचे किती झाले, विचारलं,
नको म्हटलं तरी
पैसे कात्रीखाली ठेवून गेली.

आता रात्री, शटर अर्धं ओढल्यावर,
गिऱ्हाइकांनी दिलेल्या पत्रिकांतली एक जाड पत्रिका घेते,
मधोमध सुईपुरतं भोक पाडते,
आणि नव्या दात्यांवर चिकटवते,
गणपतीचा चेहरा वर येईल अशी.
दाते खाली चावत राहतात, कागदाला.
वर कापड मोकळं.